चौथ्या मजल्यावरचे सर

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक सर राहतात. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. म्हणजे पगार थांबला, शिकवणं नाही. त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू नयेत. मी मारल्या. मे महिन्यात त्यांच्या दारात घाम पुसत म्हटलं, "सर, स्लॅब तापून तुमच्याकडे भट्टीच होत असेल!"

"मुळात," सर म्हणाले (सरांचं प्रत्येक वाक्य मुळातूनच उगवतं), "तळमजला जास्त गरम हवा. टोलमननं १९३० सालीच दाखवलंय. उष्णता म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जेलाही वजन असतं. म्हणून समतोल साधला, की खाली तापमान किंचित जास्त राहतं. आणि ज्या प्रमाणात ते जास्त, त्याच प्रमाणात खालचं घड्याळ हळू!"

"किंचित म्हणजे किती?"

सरांनी माझ्या हातातलं लाइटबिल घेतलं, पालथं केलं आणि एकापुढे सोळा शून्यं काढली. शेवटची तीन जागा संपल्यामुळे दाराच्या चौकटीवर गेली. "दर मीटरला यातला एक भाग!"

"समतोल साधेपर्यंत," आतून काकूंचा आवाज आला, "कूलरमध्ये पाणी भरा."

पुढचा अंक सोसायटीच्या सभेत झाला. अमेरिकेत २०१० साली एक अणुघड्याळ जेमतेम ३३ सेंटिमीटर वर उचललं, तरी ते पुढे पळाल्याचं मोजता आलं होतं. या आधारावर सरांनी अर्ज दिला होता: चौथा मजला बारा मीटरवर, म्हणजे तळमजल्यापेक्षा आम्ही वर्षाला सुमारे ४० नॅनोसेकंद जास्त म्हातारे होतो, सबब मेंटेनन्समध्ये सूट मिळावी.

सभा आठची. सर पावणेनऊला आले.

"नॅनोसेकंदांचं नंतर बघू," सेक्रेटरी म्हणाले, "या पंचेचाळीस मिनिटांचं काय?"

सरांनी मनगटावरच्या चावीच्या घड्याळाकडे प्रामाणिक कुतूहलानं पाहिलं. "वर घड्याळ पुढे पळतं. म्हणजे मी मुळात लवकर यायला हवं होतं!"

तळमजल्यावरच्या आजी मात्र खूश आहेत. बिल्डिंगमध्ये आपणच सगळ्यांत तरुण राहतो, हे त्यांना एका शास्त्रज्ञानं सांगितलंय. सरांना त्या रोज पन्हं पाठवतात.

सूट नामंजूर झाली. सरांच्या मेंटेनन्सचे दोन हप्ते अजून बाकी आहेत.