मर्यादावेलीस अनावृत पत्र

श्रीमती मर्यादावेल, मुक्काम देवबाग, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, यांस सा. न. वि. वि.

आपला माझा पूर्वपरिचय नाही. तथापि गेल्या मार्गशीर्षी पौर्णिमेस, तारकर्ली मागे टाकून, डाव्या हातास कर्लीचे पात्र व उजव्या हातास अरबी समुद्र अशा त्या चिंचोळ्या भूशिरावरून मी आपल्या मुलखात उतरलो, तेव्हा रापणकर होड्या वाळूवर ओढून केव्हाच घरी गेले होते, सुरूच्या बनात वाऱ्याखेरीज कोणाचा वावर नव्हता, आणि ओल्या वाळूवरील चिमुकल्या कुर्ल्या माझी चाहूल लागताच, साहेबाची गाडी पाहिलेल्या कारकुनांप्रमाणे, आपापल्या बिळांत अंतर्धान पावत होत्या. अशा निर्जन स्थळी माझी वाट अडविणाऱ्या आपण एकट्याच; म्हणून ही फिर्याद.

भरतीरेषेपासून पाचशे मीटरांच्या पट्ट्यात कोणी काय करावे याचे नियमन करणारी अधिसूचना केंद्र सरकारने १९९१ साली काढली. आपण मात्र सनद नाही, दाखला नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही, अशा स्थितीत पेरापेरांतून मुळे फोडीत तेथेच ठाण मांडून आहात. वाऱ्याने उडून चाललेली सरकारी वाळू अडविता, तिच्या टेकड्या रचता, आणि समुद्राने कोठवर यावे हे परस्पर ठरविता. हा अखत्यार आपणांस दिला कोणी? याच कामासाठी आम्ही काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घालतो. त्यास अंदाजपत्रक लागते, निविदा लागते, नारळ लागतो, आणि बंधारा खचला म्हणजे हे सर्व पुन्हा नव्याने लागते. त्यावर कित्येकांचे संसार उभे आहेत. आपण बिनपगारी राबून त्यांच्या अन्नात माती, छे, वाळू कालविता आहात.

आपली पाने आपट्यासारखी दुभंगलेली असूनही दसऱ्यास सोने म्हणून ती खपविण्याचे आपणांस अद्याप सुचले नाही, यावरून आपल्या व्यवहारज्ञानाची कल्पना येतेच. जांभळी फुलेही अशी उधळी, की सकाळी उमलून त्याच दिवशी कोमेजून मोकळी.

आता मूळ तक्रार. पर्यटकांच्या खुर्च्या मांडण्याकरिता आपणांस समूळ उपटून जी जागा मोकळी केली आहे, तेथे मी वहाणा उतरविल्या. उजवी व्यवस्थित ठेवली, डावी आळसाने पायानेच भिरकावली ती आपल्या जाळ्यात पडली. रात्री उधाण आले. व्यवस्थित ठेवलेली उजवी, खालच्या वाळूसकट, समुद्राने नेली; डावी, पंचनामा नाही की पावती नाही, आपल्या कबजात राहिली. ती सोडविण्यास मी वाकलो, तो वहाणेबरोबर दोन हात वेल मुळांसह वर येऊ लागली. तेव्हा वहाण होती तशी टाकून, तापल्या नव्हे तरी बोचऱ्या वाटेने अनवाणी मालवणचा रस्ता गाठला.

समुद्राविरुद्ध वकीलपत्र घेण्यास मालवणात कोणी तयार नाही. सबब, डावी वहाण तूर्त आपणच सांभाळावी. उजवी कधी किनाऱ्यास लागलीच, तर जोड जुळवून कळवावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक अनवाणी फिर्यादी