संगीत मंडळाचे आप्पा

संगीत मंडळ म्हटलं की चिटणीस आलाच. तुमच्या गावातला तुम्हाला माहीत आहे. आमच्या तालुक्याच्या गावातल्याला आप्पा म्हणतात. अध्यक्ष बदलतात, खजिनदार रुसून राजीनामा देतात, आप्पा मात्र चिटणीस ते चिटणीसच. परवा गायिकेनं षड्ज लावलेला असताना त्यांनी मागून येऊन माझ्या काखेत हात घातला आणि मला सतरंजीसकट पुढं ओढलं. तेव्हाच ठरवलं, या माणसावर लिहायचं.

आमच्या मैफली शाळेच्या हॉलमध्ये होतात. श्रोते आत शिरतात ते भिंत हेरत. कुणाची कंबर, कुणाचा मणका, कुणाचे गुडघे; सगळ्यांवर उपाय एकच, भिंत. त्यामुळं गाणारा आणि ऐकणारे यांच्यामध्ये टेनिस बॉलनं क्रिकेट खेळता येईल एवढी सतरंजी रिकामी राहते. मग आप्पा माइक घेतात. "जरा पुढं सरकून घ्या की! गर्दी दिसू दे." श्रोते जागच्या जागी हलतात आणि सरकल्याचा देखावा करतात. तंबोरे जुळत असतात, तबलजी हातोडी ठोकत असतो. आप्पा पुन्हा म्हणतात, "पुढं सरकून घ्या." परिचय वाचताना गुरूंच्या आणि घराण्याच्या नावांमध्येही एकदा म्हणून घेतात.

ही सवय आता हॉलपुरती राहिलेली नाही. सांगलीच्या एसटीत ते उभ्या प्रवाशांना पुढं सरकवतात, त्यामुळं कंडक्टर दुखावले जातात. पुतणीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, ते सवयीनं म्हणाले, "पुढं सरकून घ्या." नवरानवरीनं ते मनावर घेतलं आणि अंतरपाट धरणाऱ्या भटजींची धावपळ झाली. एकदा स्मशानातही म्हणाले. तिथं मात्र सगळे दोन पावलं मागं गेले.

मंडळ धर्मादाय, म्हणजे गाण्यापेक्षा कागद जास्त. एखादे विश्वस्त वारले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट जावा लागतो. आप्पा सांत्वनाला जातात, मनापासून डोळे पुसतात आणि निघताना हलकेच विचारतात, "मृत्यूच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स मिळतील का?" जुन्या विश्वस्तांपैकी एकजण आजारातून उठले, तेव्हा सर्वांत आधी आनंद आप्पांना झाला. त्या वर्षीचा एक चेंज रिपोर्ट वाचला होता.

कलाकार मिळवायची त्यांची रीत ठरलेली आहे. मिरज जवळ. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. १९३७ साली ते गेले. त्यांच्या स्मृतीला गाणं वाहायला उरुसात अजूनही देशभरातून कलाकार येतात. आप्पा तिथं दबा धरून बसतात. "नाहीतरी एवढ्या लांब आलाच आहात, आमचं गाव तासावर." मानधनाचा आकडा ते इतक्या खालच्या आवाजात सांगतात की समोरचा भिडेखातर मान डोलावतो. तंबोरे मिरजेच्या सतारमेकरांकडून भाड्यानं, एसटीनं येतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आमच्या एसटीत मात्र त्याला अजून अर्धं तिकीट पडतं. खिडकीची जागा तंबोऱ्याला. आप्पा उभे, आणि इतरांना पुढं सरकवत असतात.

आप्पांना गाण्यातलं काय कळतं? काही नाही. मंडळात जाणकार आम्ही: एक निवृत्त इंग्रजीचे सर, एक औषधांचे दुकानदार आणि मी. मारवा होता की पूरिया, यावर आमची मध्यंतरात भांडणं होतात. दोन्हींचे स्वर तेच, त्यामुळं भांडण सहसा मिटत नाही. आप्पांना विचारलं तर म्हणतात, "राग कुठला का असंना, साडेनवाला संपला पाहिजे." शेवटची एसटी पावणेदहाची. मालकंसाला रात्र चढावी लागते आणि ती चढायच्या आत आमच्याकडं भैरवी होते. गावातल्या एका अख्ख्या पिढीचा समज आहे, की यमनानंतर भैरवीच येते.

शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी ठेवलं. पटवर्धनांच्या संस्थानांत गवयांना आसरा मिळाला. राजे गेले. आता आमच्या भागातला दरबार म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एक हेडक्लार्क, आणि खजिना म्हणजे त्याच्या पिशवीतलं पावतीपुस्तक. विलंबित ख्याल सुरू झाला की या हेडक्लार्कला झोप येते, म्हणून तो हॉलबाहेर चपला ओळीत लावत बसतो.

गेल्या पावसाळ्यात धारवाडकडची एक तरुण मुलगी गायला आली होती. पाऊस कोसळत होता. जे थोडे आले ते अर्थातच भिंतीला. आप्पांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, पुन्हा म्हटलं. कुणी हललं नाही. मग त्यांनी माइक ठेवला, त्या रिकाम्या सतरंजीवरून चालत गेले आणि मुलीच्या पुढ्यात एकटेच मांडी घालून बसले. पूर्ण विलंबित जागे राहिले. समेच्या आधी मान हलवत होते, तान अर्ध्यात असताना 'वा' म्हणत होते. भिंतीशी आम्ही जाणकार एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होतो. ती मुलगी मात्र त्यांच्याकडं बघून गात होती, आणि फार चांगलं गायली.

नंतर चहा पिताना सरांनी चुकीच्या दादेबद्दल आप्पांना छेडलं. आप्पा म्हणाले, "मग पोरीनं कुणाकडं बघून गायचं? भिंतीकडं?"

सरांना मारवा आणि पूरियातला फरक सांगता येतो. याला उत्तर देता आलं नाही.

आप्पा आता पंच्याहत्तरीला आले. चिटणीसपदासाठी दुसरा अर्ज आजवर आलेला नाही आणि उद्या त्यांच्या जागी चेंज रिपोर्टात कुणाचं नाव लिहायचं, हे मंडळात कुणालाच ठाऊक नाही. गावात जाणकार पुष्कळ असतात, त्यांना सतरंजी घालावी लागत नाही. आमची वार्षिक वर्गणी पाचशे रुपये आहे. तुमच्या गावच्या मंडळाची असेल तेवढी असो. थकली असेल तर या महिन्यात भरून टाका.