आधी तात्पुरतं ठेवू

जैनाबादेत एखादी गोष्ट तात्पुरती ठेवणं परंपरेला धरूनच आहे. जून १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात मुमताजमहल वारली. तिला तापीच्या या काठाला, जैनाबादच्या आहूखान्याच्या बागेत पुरलं ते तात्पुरतंच. डिसेंबरात शहाजहाननं तिला आग्र्याला हलवलं. ते स्थलांतर नीट पार पडलं असं इतिहास सांगतो. माझ्या स्थलांतराबद्दल इतिहास गप्प आहे. मेहुणा गप्प नाही.

जैनाबाद माझी सासुरवाडी. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहितो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामाचं वर्णन करतो. पण सासुरवाडीत एवढा बारीक फरक कुणी करत नाही. दाजी कॉम्प्युटरमध्ये आहेत, विषय संपला. मीही तो वाढवला नव्हता.

मेहुण्याचा ठिबकचा धंदा. केळीच्या हंगामात त्याची कामं एकाच वेळी चहूकडे पसरलेली असतात. एका शेतात सबमेनची चारी खणून पडलेली, दुसऱ्यात लॅटरल नळ्या अंथरलेल्या, तिसऱ्यात फिल्टर बसलाय पण व्हॉल्व्ह आलेला नाही. हे सगळं त्याच्या शर्टाच्या खिशातल्या चिठ्ठ्यांवर असायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी शर्टाबरोबर धुऊन निघायचं. ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्याला म्हटलं, "रेडमाइन टाकून देतो. प्रत्येक शेत एक प्रोजेक्ट, प्रत्येक काम एक तिकीट. कोणतं काम कुणाकडे आणि कधी संपणार, सगळं दिसेल." रेडमाइन हे सॉफ्टवेअर फुकट आहे हे ऐकल्यावर त्यानं लगेच होकार दिला.

रेडमाइनला पाठीमागे एक डेटाबेस लागतो. सगळ्यात सोपा एसक्यूलाइट. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, सगळा डेटा एका फाइलीत. एकाहून जास्त माणसं खरंखुरं काम करणार असतील तर हा वापरू नका, असं मार्गदर्शिकेत उद्गारचिन्ह देऊन लिहिलं होतं. मार्गदर्शिका लोक वाचत नाहीत अशी माझी धंद्यातली कायमची तक्रार असते. मी म्हटलं, आधी तात्पुरतं ठेवू.

दुकानात दोन कॉम्प्युटर, त्यावर दोन पोरं. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की कुणातरी एकाच्या पडद्यावर लाल पट्टी यायची: डेटाबेस लॉक झाला आहे. पुढच्या खेपेला मेहुणा म्हणाला, "दाजी, हे कुलूप कुणी लावलंय?" मग मी डेटा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवायचं ठरवलं. रात्री जेवणं झाल्यावर बसलो. डेटाचा उतारा काढला, मायएसक्यूएलच्या तक्रारी येतील तसा दुरुस्त करत गेलो, आणि पहाटे एकदाचा तो बिनबोभाट आत गेला. इशारे शेकड्यांनी आले होते, पण चूक एकही नव्हती. इशारे हा माझ्या मते सल्ल्याचा प्रकार आहे. मी झोपलो.

सकाळी लॉगिन केलं तर मी ॲडमिन उरलो नव्हतो. एसक्यूलाइटमध्ये होय-नाही हे 'टी' आणि 'एफ' अक्षरांत साठवलेलं होतं. मायएसक्यूएलला तिथे आकडा हवा होता. त्यानं दोन्ही अक्षरांचं निमूटपणे शून्य केलं. मी ॲडमिन? शून्य. काम संपलेलं? शून्य. रेडमाइनमध्ये नोंदलेली, पुरी झालेली सगळी कामं एका रात्रीत पुन्हा उघडली होती, आणि तीही मुदत उलटून गेलेली.

मराठीचं तर विचारूच नका. जोडणीला यूटीएफ-८ सांगितलं होतं, पण टेबलं मायएसक्यूएलच्या त्या वेळच्या सवयीप्रमाणे लॅटिन-१ मध्ये तयार झाली होती. लॅटिन-१ ला देवनागरी येत नाही, त्यामुळे प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला एकेक प्रश्नचिन्ह. केळी म्हणजे चार प्रश्नचिन्हं. पाणी म्हणजेही चारच. उसाची दोन, तो तेवढा ओळखू यायचा.

एवढ्यावर भागलं असतं. पण मुदत टळलेल्या कामांची आठवण देणारी मेल रोज सकाळी आपोआप जाईल अशी सोय मी कौतुकानं करून ठेवली होती. ती बरोबर सातला गेली. एका पोराला त्यात शेतकऱ्याचं नाव वाचता येईना. मोबाइल नंबर तेवढा शाबूत होता. त्यानं फोन लावला, "काका, लॅटरल टाकायला येतोय." काकांनी ते ठिबक वापरून केळी काढली होती, विकली होती आणि त्या पैशात मुलीचं लग्नही उरकलं होतं. मात्र फुकटात येताय तर या, म्हणाले. पोरगा नळीची बंडलं टेम्पोत टाकून निघाला.

इकडे मी घामाघूम. एसक्यूलाइटची जुनी फाइल तर रात्रीच डिलीट केली होती, कारण पसारा मला आवडत नाही. पण बघतो तर फाइल जागेवरच! रेडमाइनचा जुना सर्व्हर बंद करायला मीच विसरलो होतो. फाइल वापरात होती, म्हणून विंडोजनं ती पुसायला नकार दिला होता, आणि तो निरोप मी न वाचताच बंद केला होता.

मेहुण्याला म्हटलं, "आज रात्री परत हलवतो. या वेळी यूटीएफ-८ मध्ये."

"नको," तो म्हणाला. "आहे तिथंच राहू द्या. कुलूप लागायला लागल्यापासून दोघं एकाच शेताच्या डिझेलचा खर्च दोनदा लिहीत नाहीत."