होयचे बहुमत

कॅलिफोर्नियातल्या आमदाराने हवा, पाणी, गर्भपात अशा विषयांवर कोणत्या तारखेला काय मत दिले, ते नावानिशी नोंदलेले असते. पर्यावरणवादी संघटना त्यावरून त्याला शंभरपैकी गुणही देतात. प्रगतिपुस्तकच म्हणा ना!

महाराष्ट्राच्या आमदाराला हा जाच नाही. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे,’ असे अध्यक्ष म्हणतात, बाकांवरून एक हुंकार उठतो आणि कायदा होतो. कोण ओरडले, कोण पुटपुटले, कोण तेव्हा कॅन्टीनमध्ये वडा खात होते, याचा हिशेब कोण ठेवणार? मतविभागणी मागता येते, मागतो कोण?

12 नोव्हेंबर 2014 रोजी तर फडणवीस सरकारवरचा विश्वासही असाच कानाने मोजला गेला. डोकी मोजताच येत नाहीत असे मात्र नाही. 4 जुलै 2022 रोजी शिंदे सरकारसाठी शिरगणती झाली : 164 विरुद्ध 99. मनात आले की सभागृहाचे गणित एकदम सुधारते.

कडव्या डाव्या संघटनांना आवर घालण्यासाठी आणलेल्या जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत तेही आवाजी मतदानानेच संमत झाले. त्या आवाजात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एकुलत्या एका आमदाराचा विरोध तेवढा ओळखू आला. उरलेल्यांपैकी आपला आमदार काय म्हणाला, हे ज्याला हवे त्याने त्यालाच गाठून विचारावे. तो सांगेल तेच रेकॉर्ड.