सावकाशीचं वेळापत्रक

(भिलार. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं पुस्तकांचं गाव. जानेवारीतली सकाळ. ओसरीवर भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं, खाली स्ट्रॉबेरीचे क्रेट. ‘ते’ स्वेटर, मफलर आणि कानटोपी असा तिहेरी बंदोबस्त करून उभे. ‘त्या’ खुर्चीत पाय वर घेऊन कादंबरीत.)

ते : अगं, नऊ चाळीस झाले.

त्या : होऊ देत.

ते : होऊ देत काय? निवांतपणा संपला. (खिशातून कागद काढतात.) हे बघ, ‘नऊ ते नऊ चाळीस : निवांत.’ पुढे कवितेचं घर. तिथे पंचवीस मिनिटं रमायचंय.

त्या : तुम्ही रमून या. माझी इथे नायिका विहिरीच्या काठावर उभी आहे.

ते : विहिरीत पडणार असेल तर दोन मिनिटं थांबतो.

त्या : अजून ठरत नाहीये तिचं.

ते : म्हणजे तुझ्यासारखीच. (घरमालकिणीकडे वळून) वहिनी, तुम्हाला सांगतो, लोक इकडे येतात, धाडधाड पॉइंट उरकतात, मक्याचं कणीस खातात, चपला घेतात आणि घाट उतरतात. आम्ही तसले नव्हे. आम्ही सावकाश, संस्कृती बघत फिरतो.

घरमालकीण : (स्ट्रॉबेरी निवडत) मग बसा की काका. तवापासून उभंच हाईसा.

ते : बसायचं साडेअकराला आहे.

त्या : बघितलंत? लग्नाच्या मांडवातसुद्धा असेच. भटजींच्या आधी ह्यांचं ‘शुभमंगल’ म्हणून झालं होतं.

ते : मुहूर्त टळत होता! बरं, वहिनी, हे सगळं इथे आलं कुठून ठाऊक आहे? वेल्समध्ये हे नावाचं गाव आहे. हे-ऑन-वाय.

घरमालकीण : ‘हे’ म्हंजी?

त्या : हे नव्हेत. दुसरे.

ते : तिथे रिचर्ड बूथ म्हणून एक जुन्या पुस्तकांचा दुकानदार होता. त्याने गावभर पुस्तकांची दुकानं उभी केली आणि १ एप्रिल १९७७ ला स्वतःला राजा म्हणून जाहीर करून टाकलं!

त्या : पुस्तकं विकून राजा? आपल्याकडे पुस्तकं विकणारा तारखेला घरभाडं देऊ शकला तरी प्रकाशक पेढे वाटतात.

ते : ती कल्पना आपल्या सरकारने उचलली. ४ मे २०१७ ला उद्घाटन झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली. फरक एवढाच, की तिथे विकतात, इथे फुकट वाचायला देतात.

त्या : म्हणून तर तुम्ही वेल्सऐवजी इथे आणलंत.

घरमालकीण : सुरवातीला आमच्या सासूबाई म्हणायच्या, लोकं घरात येणार, पुस्तकं वाचणार, आनि जाणार? काय घेणारच न्हाईत? त्यास्नी पटंना. आता दुपारी त्याच पाव्हण्यास्नी इचारतात, कुठवर आलं?

ते : (कपाटातलं एक पुस्तक काढून, मलपृष्ठ वाचून, परत ठेवतात.) झालं. हेही झालं.

त्या : काय झालं?

ते : सारांश असतो ना मागे. अशी सहा झाली माझी सकाळपासून. तू मात्र एकावरच बसून आहेस.

घरमालकीण : काका, पुस्तकाला हात लावायच्या आधी धुवा. मगाशी स्ट्राबेरी खाल्लीसा. डाग जात न्हाई.

ते : (हात पुसत) तुम्ही मात्र दोन बोटांनीच उचलताय.

घरमालकीण : देठाला धरायचं. फळाला बोट लागलं की संध्याकाळपत्तोर तिथं काळं पडतं. पहाटं उन्हाच्या आत खुडायची, देठासकट, आनि एकेक करून डब्यात लावायची. घाई केली की मऊ पडती, मग ती जामला जाती.

त्या : ऐकलंत?

ते : मला कशाला ऐकवतेस? मी काय फळ आहे? बरं, आता नीट ऐक. दुपारी पसरणीचा घाट उतरून वाई. ढोल्या गणपती. मग मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि ती मोठी घंटा. पोर्तुगीजांची, १७०७ सालची. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ ला वसई घेतली तेव्हा चिमाजी अप्पांनी आणली.

त्या : हे सगळं तुम्हाला पाठच आहे, तर प्रत्यक्ष कशाला जायचं?

ते : फोटो काढायला! पुन्हा वाईत विश्वकोशाची कचेरी आहे. तिच्यासमोरून सावकाश जायचं. दहा मिनिटं धरलीत.

त्या : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी काम सुरू केलं, वीस खंड पुरे होता होता पाच दशकं गेली, आणि तुम्ही समोरून दहा मिनिटांत जाणार. बरंय, त्यांच्याकडे तुमच्यासारखा वेळापत्रकवाला नव्हता. नाहीतर ‘अ’ ते ‘ज्ञ’ एका आठवड्यात उरकून, मलपृष्ठावर सारांश छापून मोकळा झाला असता.

ते : चेष्टा कर. एकदा सूर्य कलला की मेणवलीच्या घाटावर उजेड राहत नाही. किती पानं राहिलीत?

त्या : एकशेऐंशी.

ते : (हवालदिल) वहिनी, हे पुस्तक हॉटेलवर नेता नाही येणार?

घरमालकीण : न्हाई काका. घरात बसून किती बी वाचा. उंबऱ्याभाईर न्हाई.

ते : (आवाज खाली आणून) तुम्ही वाचलंय?

घरमालकीण : दोनदा.

ते : मग एक उपकार करा. शेवट काय होतो?

(घरमालकीण त्यांच्या कानाशी लागते. त्यांचा चेहरा उजळतो.)

ते : अगं! ती विहिरीत पडतच नाही! तोच परत येतो, दिराचं कारस्थान उघडं पडतं, आणि शेवटी ती त्याला घरात घेत नाही. दार लावते. संपलं. उठ आता.

(शांतता. त्या पुस्तकात बोट घालून त्यांच्याकडे बघतात.)

त्या : दार लावते?

ते : लावते. कडीसकट. चल.

त्या : वहिनी, आत्ता तर ही त्याच्या पत्रासाठी जीव टाकतेय. मग दार कसं लावेल?

घरमालकीण : तेच तर बगायचं काकू! मी दुसऱ्यांदा त्याच्यासाठीच वाचलं. पयल्या डावाला नुसतीच पळत सुटली हुते, आता फुडं काय, आता फुडं काय.

त्या : बरोबर आहे. आता शेवटाची काळजी मिटली. (पानं मागे उलटतात.) पहिल्यापासून घेते.

ते : पहिल्यापासून?

त्या : दिराकडे माझं लक्षच नव्हतं हो. वहिनी, चहा टाकता का? आलं जरा जास्त.

ते : (कागदावर नजर टाकून) चहा वाईत आहे! (हाका मारतात) ड्रायव्हर! अरे, गाडी काढ. मी एकटा जातो मेणवलीला. ड्रायव्हर!

ड्रायव्हर : (पलीकडच्या पायरीवरून, मांडीवर जुना दिवाळी अंक) एक पाच मिनिटं साहेब.

ते : तू पण? सकाळी तर म्हणालास, इथे पॉइंट एकही नाही, टाइमपास काय करायचा!

ड्रायव्हर : साहेब, हा २०११ चा अंक आहे. वार्षिक भविष्याचा. खरं निघालं का ते बघतोय. तुळेला वाहनयोग लिहिलाय, मी पहिली गाडी त्याच साली घेतली. पुढे लिहिलंय, भागीदारापासून सावध. हे तेव्हा वाचायला मिळालं असतं तर मेव्हण्याला नसता घेतला धंद्यात.

त्या : मिथुनेचं बघा हो जरा. २०११ ला काय होतं?

ड्रायव्हर : मिथुन... ‘निवृत्त जोडीदाराचा सहवास वाढेल. संयम ठेवावा.’

त्या : शंभर टक्के.

ते : (ओसरीच्या कडेला टेकतात, कानटोपी काढतात) वृश्चिकेचं काय लिहिलंय?

ड्रायव्हर : वृश्चिक. ‘प्रवासाचे योग. स्त्रीवर्गाकडून विलंब संभवतो.’

ते : उपाय?

ड्रायव्हर : उपाय पान एकशेबारावर आहेत साहेब. मी अजून सत्तावन्नवर आहे.