रीलवाल्या ताईंना, वाणातल्या बाटलीबद्दल



तुमचं ते रील मी पाहिलं. 'बाजारातले केमिकलवाले रूम स्प्रे फेकून द्या, घरच्या घरी पाच मिनिटांत करा' हे. काचेची बाटली, नळाचं पाणी, इसेन्शियल ऑइलचे दहा थेंब, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि गळ्यात सुतळीची गाठ. शेवटी तुम्ही हसत हसत सुचवलंत की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच वाण लुटा. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी तुमचं ऐकलं. एक बाटली माझ्याही घरी आली.

लेबल देखणं होतं. 'प्रेमाने बनवलेलं', असं वळणदार अक्षरात. आत काय घातलंय, कधी केलंय, मुलांपासून लांब ठेवायचं का, यातलं एक अक्षर नाही. सुतळी बांधायला वेळ मिळतो आणि तारीख घालायला मिळत नाही? शिमगा येईपर्यंत पाकळ्या चहाच्या चोथ्यासारख्या झाल्या. त्यांच्याभोवती पांढुरकी, बुळबुळीत तार धरली. बाटली हलवली की ती तार अख्खी गोल फिरायची. हे पाणी उशीवर फवारा आणि त्यावर गाल टेकून झोपा, असा तुमचा सल्ला आहे.

तेल पाण्यात मिसळत नाही, हे रोज आमटीवरचा तवंग बघणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. तुम्ही मात्र दहा थेंब टाकलेत आणि 'झालं तयार' म्हणून मोकळ्या झालात. लिंबाचं किंवा लव्हेंडरचं तेल वर तरंगतं. लवंगेचं तेल पाण्याहून जड, ते खाली बसतं, आणि स्प्रेची नळी नेमकी तळाला टेकलेली असते. म्हणजे पहिल्या दाबाला निखळ लवंगेचं तेल अभ्र्यावर, आणि तिथून गालाला. 'वापरण्याआधी हलवा' हे उत्तर देऊ नका. हलवल्यावर तेल क्षणभर विखुरतं आणि पुन्हा वेगळं होतं. शेजारच्या काकूंनी तुमच्या सांगण्यावरून कपाटातल्या पैठणीवर दोन फवारे मारले. पदरावरच्या मोराच्या मानेवर तेलाचे डाग उतरलेत. ड्रायक्लीनवाल्याने हात टेकले.

आणि 'नैसर्गिक आहे, काही होत नाही'? सडणं हेही नैसर्गिकच असतं, ताई. 2021 मध्ये अमेरिकेतल्या चार राज्यांत चार माणसांना मेलिऑयडोसिस हा गंभीर आजार झाला. दोघं दगावली, त्यातलं एक मूल होतं. आजाराचा जंतू सापडला तो लव्हेंडर-कॅमोमाइलच्या सुगंधी रूम स्प्रेमध्ये. आत शोभेचे खडे घातलेली ती बाटली भारतात तयार झालेली होती. सुमारे 3,900 बाटल्या परत मागवल्या गेल्या. तो जंतू आपल्याकडच्या माती-पाण्यातही राहतो. तुमच्या प्रत्येक बाटलीत तो असेल असं मी म्हणत नाही. पण कारखान्यात भरलेल्या पाण्याची ही गत होऊ शकते, तर नळाचं पाणी आणि न वाळलेल्या पाकळ्या यांच्या जोरावर तुम्ही कुठली हमी देता? 'टिकावं म्हणून व्हिटॅमिन ई घाला' म्हणता. ते तेल खवट होऊ देत नाही, पाण्यातल्या जंतूंना ते अडवत नाही.

देवघरासाठीचं तुमचं दुसरं रील तर याच्याही पुढचं. सर्जिकल स्पिरिटमध्ये भीमसेनी कापूर विरघळवायचा आणि सकाळी पूजेच्या वेळी फवारायचा. मागे समई तेवताना स्पष्ट दिसते. स्पिरिटची वाफ खोलीच्या तापमानालाही ज्योत मिळाली की पेट घेते. शिवाय कापूर थोडा जरी लहान मुलाच्या पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. तुमच्या रीलमध्ये बाटली टीपॉयवर आहे आणि बाजूला रांगणारं बाळ.

आपल्या आज्यांना सुगंध कळत नव्हता असं वाटतं का तुम्हाला? कपाटात त्या सगळं कोरडं ठेवायच्या. वाळ्याची मुळं, वाळल्यावरही वास न सोडणारी बकुळीची फुलं, ट्रंकेत केवड्याचं पान. ओलं असेल ते त्या दिवसापुरतं. माठात टाकलेला मोगरा दुसऱ्या दिवशी बदलला जायचा, गुलाबदाणी समारंभाला भरली की समारंभ संपल्यावर रिकामी व्हायची. या व्यवस्थेत अक्कल होती. तुम्ही ओलं घेतलंत, वर्षभरासाठी कपाटात ठेवलंत आणि 'परंपरा' असा हॅशटॅग लावलात.

घरी स्प्रे करू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. मी स्वतः करते, मला त्याची मनापासून आवड आहे, म्हणूनच चीड येते. 100 मिलीला 1 मिली तेल पुष्कळ होतं. ते आधी पॉलिसॉर्बेट 20 या तेल पाण्यात मिसळवणाऱ्या द्रवात नीट कालवायचं; हा द्रव तेलाच्या चौपट तरी लागतो, काही तेलांना जास्त. मग डिस्टिल्ड पाणी हळूहळू घालायचं. पाणी गढूळ दिसलं तर तेल विरघळलेलं नाही. पाण्यात चालणारं प्रिझर्वेटिव्ह पाकिटावरच्या प्रमाणात घालायचं. ते नसेल तर थोडंच करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आठवड्यात ओतून द्यायचं. पाकळ्या, खडे, दालचिनीच्या काड्या बाटलीत नकोत. रेशीम आणि जर यांच्या जवळपास फिरकायचं नाही. सुती चादरीवरही आधी कोपऱ्यात मारून बघायचं. यात फोटोजोगं काही नाही, हे मला मान्य आहे.

आता एवढं करा. दोन्ही रीलं काढून टाका. नुसती गुपचूप काढू नका. का काढली ते त्याच चेहऱ्याने, त्याच कॅमेऱ्यासमोर सांगा. ज्यांनी तुमचं बघून बाटल्या लुटल्या त्यांना सांगा, वाण घेऊन गेलेल्या प्रत्येक घरी फोन करा आणि बाटली ओतून द्यायला लावा. लहान मूल, दम्याचा माणूस किंवा मांजर ज्या घरात आहे तिथे आधी करा. आमच्या सोसायटीतले फोन मी आजपासून सुरू केलेत, बाकीचे तुमच्याकडे.

आपली,
वाण घेतलेली एक