एका वेळी एकच

आमची गाडी पहिल्यांदा किंचाळली तेव्हा रात्रीचे २ वाजून ४० मिनिटं झाली होती. किल्ली कालच्या पँटच्या खिशात आहे हे आठवेपर्यंत समोरच्या विंगचे चार मजले उजळले होते. मी अर्ध्या चड्डीतच जिने उतरून धावत पार्किंगमध्ये पोचलो, तर काका माझ्या आधी हजर! तोंडात टॉर्च, एक हात बोनेटवर, जणू नाडी बघतायत. मी रिमोट रोखला तसे ते टॉर्च हातात घेऊन ओरडले, "बंद करू नकोस! लक्षण निघून गेलं की निदान कसं करायचं?"

आणि पुढचा अर्धा मिनिट सगळी सोसायटी लक्षण ऐकत राहिली.

प्रत्येक सोसायटीत एक काका असतातच. गिझर शॉक मारतोय, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उगाच थांबते, नळ रात्री घोरतो, अशी कुठलीही तक्रार कानावर आली की यांच्या चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद दिसतो. आमचे काका निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. चष्म्याच्या जुन्या घरात ते मल्टिमीटर ठेवतात आणि चष्मा शर्टाच्या खिशात, त्यामुळे चष्म्यावर चरे आहेत, मल्टिमीटरवर एक नाही. दुरुस्तीत त्यांना फारसा रस नाही. दुरुस्ती काय, मेकॅनिकही करतो. त्यांचं प्रेम बिघाडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शंभर पानी वही घेऊन आले. वर सुवाच्य अक्षरात माझ्या गाडीचा नंबर. आत रकाने: तारीख, वेळ, किती वेळ वाजला, आधी काय केलं.

"हे बघ," ते म्हणाले, "आपला नियम साधा. एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम केल्यास आणि अलार्म थांबला, तर कशाने थांबला हे देवाला तरी कळेल का?"

"पण थांबला तर बरंच ना?" ही चहा ठेवता ठेवता म्हणाली. "नाहीतर सरळ वायरच काढून टाका त्याची."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ताप मोजायचा नाही म्हणून ती थर्मामीटर फोडायला निघालीय.

पहिला संशय बॅटरीवर. काही अलार्म विजेचा दाब एकदम पडला की कुणीतरी दार उघडलं, आतला दिवा लागला, असं समजून बोंबलतात म्हणे. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आमची ११.९ दाखवत होती. काकांनी तो आकडा तीनदा मोठ्याने वाचला. टर्मिनलवरची पांढरी पूड सोड्याच्या पाण्याने धुतली, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. पुढच्या रात्री अलार्म अधिक ताकदीने वाजला.

मग रिमोटचा सेल. ते जाऊ दे.

मग आरशाला टांगलेला छोटा गणपती. आमच्या अलार्मला आतल्या हालचालीचा सेन्सर आहे. दुकानदाराने तो जादा पैसे घेऊन बसवला, तेव्हा मला अभिमानच वाटला होता. हा सेन्सर कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी सोडतो आणि आत काही हललं की परत येणाऱ्या लहरींवरून ते ओळखतो. काच बोटभर उघडी, वाऱ्याने गणपती डुलतोय, म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने गाडीत चोरच! गणपती देव्हाऱ्यात गेला. त्या रात्री काच बंद होती, आत कुणी डुलत नव्हतं, तरी ३ वाजून १० मिनिटांनी सगळे जागे.

एव्हाना सेक्रेटरींनी कायदा काढला होता. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम: निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. "तुमचा भोंगा शंभराच्या पुढे असणार!" मी मान खाली घातली. काकांनी मात्र वहीत नवा रकाना आखला: डेसिबल.

ऑगस्ट चालू होता, त्यामुळे पुढचा आरोपी ढोल-ताशा. नदीकाठी पथकांचा सराव सुरू झालेला, आणि धक्क्याचा सेन्सर फार हळवा ठेवला तर ढोलानेही बिचकतो. डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून काकांनी त्याचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला. पाव फेऱ्याला पाऊण तास लागला. सराव रात्री दहालाच संपतो आणि गाडी तीनला ओरडते, हे मी बोलून दाखवलं नाही. एका वेळी एकच.

दहाव्या दिवशी काका वही मांडीवर घेऊन पार्किंगच्या कट्ट्यावर बसले होते. सात नोंदी. बोट रकान्यावरून खाली सरकलं, वर गेलं, थांबलं. "अरे, या सातही रात्री पाऊस होता!"

"व्हताच की," वॉचमनमामा बिडी विझवत म्हणाले. "पाऊस झाला की वरडतीया. म्या पहिल्याच दिशी सांगितलं व्हतं."

"मग नीट का नाही सांगितलंत?"

"नीटच सांगत हुतो. तुमी म्हनला, एका वेळी एकच."

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

बोनेटच्या कडेला स्प्रिंगवर चालणारं एक बोटाएवढं बटण असतं. बोनेट उघडलं की ते वर येतं, वायर बॉडीला म्हणजे अर्थला टेकते आणि अलार्म पेटतो. आमचं बटण गंजलं होतं. पाणी मुरलं की बोनेट बंद असूनही ते उघडल्याची थाप मारायचं. काकांनी खात्रीसाठी गाडी लॉक करून वरून चार थेंब पाणी सोडलं. भरदुपारी भोंगा झाला. झोपलेल्या आज्यांच्या शिव्या ऐकत काका हसत होते. नवं बटण फार महाग नव्हतं. बसवायला दहा मिनिटं लागली आणि ती मेकॅनिकने बसवली. काका तिकडे फिरकलेही नाहीत.

नंतर आठवडाभर ते रोज सकाळी विचारायचे, "वाजला?" मी नाही म्हटलं की वहीत "शांत" लिहायचे आणि चहा अर्धा टाकून जायचे. गणपतीपर्यंत विचारायचेही थांबले.

परवा पहाटे दोनला बी विंगखाली एक नवीकोरी गाडी केकाटली. मी गॅलरीतून पाहिलं. मालक किल्ली शोधायला अजून घरातच होता. खाली टॉर्च हलत होता, काखेत कोरी वही होती. वॉचमनमामा गाडीकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला पुढे झाले, आणि काकांनी मान न वळवता पंजा वर केला.